मिठूच्या सोबतीला टूकन

“काका, परदेशी पक्ष्यांना बंदी नाहीये म्हणे. मग तुमची हरकत कशाला?”

शेजारच्या तरुणाचा हा सवाल. सवाल करण्याआधी त्यानं मोबाइल माझ्या हातात दिला होता. सोफ्याच्या पाठीवर एक टूकन बसलेला. काळा कोट, पांढरा गळा आणि वीतभर लांब नारिंगी चोच, टोकाला काजळ लावल्यासारखी. कुणीतरी द्राक्ष फेकतं, तो चोचीच्या टोकात झेलतो, मान मागं टाकतो आणि द्राक्ष घशात. शेजारी एक हिरवा पोपट डोलतोय. अर्ध्या मिनिटाचा खेळ. मीही तीनदा पाहिला, खोटं कशाला बोलू?

या तरुणाच्या घरी गॅलरीत मिठू आहे. अकरा वर्षांचा. गेल्या दिवाळीपासून तो छातीवरची पिसं उपटतोय आणि तिथं आता गुलाबी कातडी दिसते. घरच्यांनी निदान केलं की तो एकटा पडलाय. त्यावर उपाय काय, तर सोबती आणायचा, आणि आणायचाच तर असा की अख्ख्या पैठणात कुणाकडे नसेल. एका दलालानं जो आकडा सांगितला, त्यात दोन दुभत्या म्हशी दावणीला बांधता आल्या असत्या.

निदान बऱ्यापैकी बरोबर आहे. पिसं उपटणं हे कंटाळ्याचं, धास्तीचं लक्षण असतं; कधी आजाराचंही, म्हणून आधी डॉक्टर. पण उपाय म्हणजे रोग्याला खोकला झाला म्हणून घरात ढोल-ताशाचं पथक ठेवण्यासारखा आहे. त्याच्याशी तासभर बोललो, तो ऐकून घेत होता आणि शेवटी म्हणाला, “लिहून द्या, घरी दाखवतो.” तर हे घ्या लिहून.

पहिली गोष्ट नावाची. तो टूकनला ‘परदेशी धनेश’ म्हणतो. मोठी चोच दिसली की धनेश, एवढंच आपलं पक्षीज्ञान. धनेश आफ्रिका-आशियातला, टूकन मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला. दोघांचं घराणं वेगळं, चोच तेवढी सारखी दिसते. टूकनचे खरे भाऊबंद सुतार आणि तांबट. उन्हाळ्यात वडा-पिंपळावर बसून भांड्यावर ठोके घातल्यासारखा टुक्-टुक् करणारा, कपाळ तांबडं असलेला चिमणीएवढा तांबट तुम्ही ऐकलेला असतो, पाहिलेला क्वचित. टूकनची हौसच असेल तर त्याचा चुलत-मावस कुणीतरी फुकटात आपल्याच वडावर बसलाय. हा मुद्दा त्याला पटला नाही. तांबटाचा व्हिडिओ कोण बघणार?

आता कायदा, कारण वाद त्यानंच सुरू केला होता. ‘बंदी नाही’ हे अर्धं वाक्य आहे, आणि दलाल कायम अर्धंच वाक्य विकतो. व्हिडिओतला तो टोको टूकन वन्यजीवांच्या व्यापारावर लगाम ठेवणाऱ्या ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, १ एप्रिल २०२३पासून ती लागू झाली, आणि साइट्सच्या याद्या आपल्याच कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत येऊन बसल्या. २८ फेब्रुवारी २०२४ला नोंदणीचे नियम निघाले. ज्यांच्याकडे असे जिवंत प्राणी आधीपासून होते त्यांना ‘परिवेश’ संकेतस्थळावर नोंद करायला सहा महिने दिले होते. पिल्लू झालं, मेलं, दुसऱ्याला दिलं, सगळं कळवायचं. मोडलं तर तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. दलाल म्हणाला होता, “आधी पक्षी घ्या, कागद नंतर होतो.” कागदपत्र न मागता घोषणा करून घेण्याची सवलत होती खरी, पण ती जून २०२०मध्ये जाहीर झालेल्या योजनेतली, आणि तिची मुदत कधीच सरली. दलाल मंडळी जुन्या सवलतीच्या नावावर अजून गिऱ्हाईक करतात.

पण खरी गंमत पुढं आहे. टूकन चालतो की नाही हे विचारणारा माणूस ज्या पिंजऱ्याला टेकून उभा होता, त्या पिंजऱ्यातला मिठू कायद्यात कुठं बसतो? गळ्याभोवती गुलाबी-काळी कंठी असलेला आपला साधा पोपट दुसऱ्या अनुसूचीत आहे. देशी पोपटांचा व्यापार तर १९९०-९१ सालापासूनच बंद आहे. तो पकडणं, विकणं, घरात ठेवणं यातलं काहीच चालत नाही. हे सांगितल्यावर तो हसला आणि म्हणाला, “काका, मग अर्ध्या गावाला आत टाकावं लागेल.” उत्तर बिनतोड होतं, फक्त ते माझ्या मुद्द्याचं उत्तर नव्हतं. परदेशी पक्ष्याला कायदा आहे का म्हणून चौकशी करायची आणि देशी पक्ष्याचा कायदा गॅलरीत टांगून ठेवायचा, याला आमच्याकडं पोपट होणं म्हणतात. इथं तो नेमका कुणाचा झाला ते ज्यानं त्यानं ठरवावं.

कायद्यावर मी अडून बसत नाही. समजा, उद्या सगळे कागद चोख निघाले. मग?

मग त्याचा दुसरा मुद्दा येतो, आणि तो मला सगळ्यात जास्त आवडला, कारण तो अर्धा खरा आहे. “जंगलात तर टूकन आणि पोपट एकाच झाडावर राहतात.” राहतात. कसे राहतात ते बघू. ब्राझीलच्या पश्चिमेला पंतनाल नावाचा अफाट पाणथळ मुलूख आहे, आपल्या धरणाच्या नाथसागराची अनेक भावंडं शेजारी शेजारी मांडावीत तसा. तिथं निळाभोर हायसिंथ मकाव राहतो, मोठ्यातला मोठा उडणारा पोपट. त्याच्या शंभरातल्या सुमारे पंचाण्णव घरट्यांची ढोली एकाच जातीच्या झाडात असते, मांदुवी. आणि या मांदुवीच्या बिया पसरवतो कोण, तर टोको टूकन. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या ब्राझीलमधल्या अभ्यासात बियांच्या प्रसारातला त्याचा वाटा ८३ टक्के निघाला. टूकन नसेल तर मांदुवी नाही, मांदुवी नाही तर मकावला घर नाही. इथपर्यंत वाचून कुणाच्याही डोळ्यात पाणी येईल आणि तो दलालाला फोन लावेल. पण त्याच अभ्यासातला पुढचा आकडा असा, की मकावच्या जेवढ्या अंड्यांवर डल्ला पडतो, त्यातल्या ५३ टक्के अंड्यांचा चोर हाच टूकन. घर बांधून देणारा तोच आणि पाळण्यातून पोर पळवणाराही तोच.

टूकन फळं खातो, आणि किडे, सरडे, दुसऱ्यांची अंडी, पिल्लंही खातो. जंगलात हे चालून जातं, कारण तिथं मकाव दीड किलोच्या आसपासचा असतो, त्याची चोच नारळासारखं कवच फोडते, आणि मुख्य म्हणजे दोघांच्या मध्ये आभाळ असतं. गॅलरी आठ फूट बाय चार. मिठू सव्वाशे ग्रॅमचा, टोको अर्ध्या किलोच्या वर. घरातल्या टूकननं लहान पक्ष्याला मारल्याच्या गोष्टी पक्षी पाळणाऱ्यांना नव्या नाहीत. असंगाशी संग आणि प्राणाशी गाठ म्हणतात ती ही. आणि प्राण मिठूचाच जाईल असंही नाही. टूकनची चोच दिसते अवाढव्य, पण आतून हाडाच्या जाळीचा फेस आणि वरून नखासारख्या द्रव्याचा पातळ पापुद्रा. पक्ष्याच्या लांबीचा तिसरा हिस्सा, वजनाचा मात्र विसावा. पोपटाची चोच म्हणजे अडकित्ता. खवळलेल्या मिठूनं जाळीतून ती चोच किंवा पायाचं बोट धरलं, तर या देखण्या पाहुण्याचं जन्माचं नुकसान.

“वेगळे पिंजरे ठेवीन की!” ठेव. मग सोबत कुठली? दोन कोठड्यांतले दोन कैदी, एकाची भाषा दुसऱ्याला येत नाही. मिठू बोलतो, शीळ घालतो, नक्कल करतो. टूकन नक्कल करत नाही. त्याचा आवाज बेडूक घशात अडकल्यासारखा, आणि तोही पहाटे. मिठूला हवा असतो अंगाला अंग लावून बसणारा, मानेची पिसं कुरतडून देणारा आपल्या जातीचा पक्षी. दोघांच्या पिंजऱ्याचा हिशोबही जुळत नाही. पोपट चोचीनं गज धरत वर चढतो, लाकूड कुरतडतो, त्याला चढायला जागा लागते. टूकन उड्या मारत आडवा जातो, त्याला लांबी लागते. एका मापाचे दोन पिंजरे करून घेतले तर दोघांनाही चुकीचे बसतील.

खरा घोळ मात्र खाण्यात आहे. देवानं चोच दिली तर चाराही देतो, ही म्हण चोच विकत आणणाऱ्याला लागू नाही. मिठूची वाटी मी ओळखतो : भिजवलेली हरभऱ्याची डाळ, हिरवी मिरची, पेरूची फोड, हुरड्याच्या दिवसांत ज्वारीचं कणीस, आणि घरच्यांचा डोळा चुकवून चहात बुडवलेलं बिस्किट. टूकन ज्वारी फोडू शकत नाही. तो फळं गिळतो. आता आपल्या पैठण तालुक्यात फळ म्हटलं की काय? मोसंबी. पाचोडच्या बाजारात तिच्या राशी लागतात, पाहुणा आला की मोसंबी, आजारी माणसाला मोसंबी. त्या तरुणाच्या आईनं तर ठरवूनही टाकलं होतं : “एवढी रसरशीत मोसंबी आपल्याकडं, खाईल की बापडा.” नेमकी तीच त्याला वर्ज्य. टूकनच्या शरीराला जास्तीचं लोह शोषून घेणं आवरता येत नाही. खाल्लेलं लोह यकृतात साठत जातं, यकृत सुजतं, पोट फुगतं, आणि काल द्राक्ष झेलणारा पक्षी आज सकाळी तळाशी पडलेला सापडतो. पाळलेल्या टूकनच्या मरणाचं हे नेहमीचं कारण. आणि मोसंबी-संत्र्यातलं ‘क’ जीवनसत्त्व हे लोह आणखी भराभर शोषून घ्यायला लावतं. म्हणून त्याला पपईसारखी फळं आणि किलोमागं शंभर मिलिग्रॅमपेक्षा कमी लोह असलेलं, मुद्दाम बनवलेलं खाद्य द्यावं लागतं. ते कुठून आणणार? आणलं तरी पोपटाचं शेंगदाण्याचं भांडं शेजारीच असणार, आणि पोरं तर हातात येईल ते चारणार. माणसाच्या घरातलं सगळ्यात प्रेमळ माणूसच या पक्ष्याला सगळ्यात लवकर मारतं.

खाल्लेलं पुढं कुठं जातं तेही सांगतो, कारण अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओत ते नसतं. फळ खाणाऱ्या पक्ष्याच्या पोटात काही फार वेळ थांबत नाही. पातळ, रंगीत, आणि लांब उडतं. भिंत, पडदा, धुतलेले कपडे. वहिनींना, म्हणजे त्याच्या आईला, मी एवढंच सांगितलं आणि त्यांचा निम्मा उत्साह तिथंच मावळला. माझ्या साऱ्या युक्तिवादातला हा एकच मुद्दा खात्रीनं लागू पडला.

हवामानाबद्दल त्याचं म्हणणं होतं की तो उष्ण मुलखातलाच पक्षी आहे, आपलं ऊन सोसेल. यात तथ्य आहे आणि ते मी नाकारणार नाही. टोको दाट, ओलसर जंगलातला नव्हे, मोकळ्या माळरानाच्या झाडीतला पक्षी. त्याची चोच ही तर गरमीची खिडकीच : २००९ साली शास्त्रज्ञांनी उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यातून पाहिलं, तर अंग तापलं की तो चोचीत रक्त सोडतो आणि उष्णता तिथून बाहेर फेकतो, गारवा आला की रक्त आवरतो. पण खिडकी उघडून घर थंड होतं ते बाहेर गार असेल तर. मे महिन्यात दुपारी दोन वाजता पत्र्याच्या गॅलरीत पारा बेचाळिसाच्या पुढं, वीज गेलेली, कूलर बंद. रानात तो सावली बदलतो. गॅलरीत सावली एकच असते, आणि तीही तापलेली.

रोगांचं थोडक्यात. पोपटाचे जंतू टूकनला, उंदरांकडून येणारे दोघांना, आणि पोपटाचा एक ताप माणसालाही होतो. जुन्या वाड्यात उंदीर नाहीत असं कुणी छातीठोक सांगावं. डॉक्टर आपल्याकडं चांगले आहेत, गाय-बैल-शेळीचा हात पक्का आहे. टूकनच्या यकृताचा तुकडा काढून तपासायचं कसब त्यांच्याकडून अपेक्षिणं अन्यायाचं आहे. “लहानपणापासून एकत्र वाढवले तर जमतं” या आशेतही दम नाही. टूकन वयात यायला काही वर्षं घेतो, तोवर गोंडस. वयात आला की जागेवर हक्क सांगतो. आणि जगतो वीस वर्षांपर्यंत. नव्याचे नऊ दिवस वजा केले तर उरलेला हिशोब बराच मोठा आहे.

यावर त्यानं ठेवणीतला पत्ता काढला. “पण काका, पोपट ही तर आपल्या पैठणची परंपराच. पैठणीवर पोपट, जुन्या काव्यात पोपट.” खरं आहे, बाबा. सातवाहन राजा हालाच्या नावावर असलेल्या गाथासप्तशतीत पोपट आहेत. एका गाथेत पोपटांचा थवा आभाळातून उतरतो तो पाचू-माणकांच्या कंठ्यासारखा. याच गोदाकाठच्या भाषेत, दोन हजार वर्षांपूर्वीच्या आसपास. हिरवं अंग, लाल चोच : त्या कवीनं नुसतं वर बघितलं होतं. पैठणीच्या काठावरची मुनिया म्हणजेही पोपटच. विणकर एकेका रंगाची वेगळी कांडी फिरवत तो हिरवा पक्षी उठवतो, चोचीला तांबड्याचा एक ठिपका देतो, आणि उलट्या बाजूनंही तो तसाच दिसतो. रांगेनं पोपट, वेलीवर पोपट, जोडीनं पोपट. पिंजरा विणलेला पदर मी तरी पाहिलेला नाही.

आणि एक मुद्दा त्यानं नंतर, जरा खालच्या आवाजात मांडला. “आम्ही दार उघडं ठेवतो कधी कधी. तो जातच नाही. त्याला लळा लागलाय.” ज्या गावात ज्ञानदेवांनी रेड्याच्या तोंडून वेद बोलवले अशी कथा सांगतात, त्या गावात याचं उत्तर शोधायला लांब जायला नको. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात पोपट पकडायच्या नळीचा दृष्टान्त आहे. दोरीत ओवलेली नळी, तिच्यावर पोपट बसतो, त्याच्या भारानं नळी फिरते, तो उलटा होतो, आणि आपण अडकलो या समजुतीनं नळी आणखी घट्ट धरून ठेवतो. पाय कुणी बांधलेले नसतात. फासेपारधी निवांत येतो आणि फळ तोडावं तसा तोडून नेतो. मिठूचं तेच. अकरा वर्षं न हललेल्या पंखांत बळ नाही, बाहेर काय खायचं माहीत नाही, ससाणा म्हणजे काय ते माहीत नाही. त्याच्या न जाण्याला लळा हे नाव आपण दिलंय.

हे मी इतकं ठासून बोलतो, कारण आमच्याकडंही राघू होता. नाथषष्ठीच्या यात्रेच्या दिवसांत, डालग्याखाली झाकून आणलेलं, पिसं न फुटलेलं पिल्लू. ढोलीतून काढलेलं, हे तेव्हा विचारायचं सुचलंही नाही. आत्यानं त्याला ‘विठ्ठल विठ्ठल’ शिकवलं. दर चार-दोन महिन्यांनी पंखांची लांब पिसं कात्रीनं कापायचं काम माझ्याकडं. कात्रीचा तो करकर आवाज आणि बोटाखाली धडधडणारं ते एवढंसं काळीज मला अजून आठवतं. रोज दिवस मावळताना धरणाच्या बाजूनं पोपटांचे थवे ओरडत गावावरून जायचे. त्या वेळी आमचा राघू पिंजऱ्याच्या छताला उलटा लटकायचा, पंख फडकवायचा आणि घसा फुटेस्तोवर ओरडायचा. आम्ही पोरं टाळ्या वाजवायचो. आत्या म्हणायची, राघू भजन करतोय. थवा लांब गेला की तो खाली उतरून एका कोपऱ्यात बसायचा आणि डाळीला तोंड लावायचा नाही. तो गेल्यावर पुष्कळ वर्षांनी, सायंकाळी धरणाच्या भिंतीवर उभा असताना डोक्यावरून थवा गेला, तेव्हा ते भजन काय होतं ते माझ्या ध्यानात आलं.

“मग मिठूचं काय करू?” त्यानं विचारलं. सगळ्या वादात हा एकच प्रश्न मोलाचा होता. नाथसागरावर नेऊन सोडू नकोस. तिथं तो संध्याकाळपर्यंत टिकणार नाही. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन लाव, खरं ते सांग, आणि अशा पक्ष्यांना सांभाळणाऱ्या केंद्राची वाट विचार; तिथं निदान त्याच्या जातीचे पक्षी असतील. तोवर उडता येईल एवढी लांब जाळी कर. त्यात आडव्या गुळगुळीत दांड्यांऐवजी लिंबाच्या, बाभळीच्या सालीसकट फांद्या लाव, कुरतडायला. डाळ वाटीत देण्याऐवजी कणसात, शेंगेत दे, म्हणजे मिळवायला अर्धा दिवस जाईल. पत्र्यावर गोणपाट टाक आणि ते ओलं ठेव. टूकनचे पैसे वाचतील, त्यात हे सगळं होऊन उरतील.

तो हिशोब करत होता. उन्हं कलली होती. मी उठलो, चपला घातल्या, तेवढ्यात लांबून तो ओळखीचा कलकलाट आला, आणि हिरव्या ठिपक्यांची एक रेघ नाथ मंदिराच्या बाजूला वळली. गॅलरीत मिठू सरसर वर चढला, छताला उलटा लटकला, उघडी छाती आमच्याकडं करून ओरडायला लागला.

“बघा काका,” पोरगा हसत म्हणाला, “तुम्ही निघालात म्हणून कसा बोलतोय!”